परंड्याचा तोफखाना : शस्त्र, सामग्री आणि सराव

एखाद्या घणाघाती वक्त्यास 'मुलूखमैदान तोफ' म्हणण्याचा प्रघात मराठीत रूढ आहे. ज्या तोफेवरून हा वाक्प्रचार आला ती तोफ आज विजापूरच्या तटावर आहे, आणि तिच्या आकारमानाविषयी, मुखावरील शिल्पाविषयी व लेखांविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. विजापुरास जाण्यापूर्वी ही तोफ परंड्याच्या किल्ल्यात होती. ही गोष्टही अभ्यासकांना ठाऊक आहे. परंतु तिचा उल्लेख बहुधा एका वाक्यात उरकला जातो. वास्तविक, तोफखान्याच्या इतिहासाच्या दृष्टीने परंड्याचे प्रकरण फार बोधप्रद आहे. सतराव्या शतकाच्या चौथ्या दशकात, अवघ्या तीनचार वर्षांच्या अवधीत, या किल्ल्यास मोगलांचे दोन वेढे पडले. त्यांपैकी पहिल्याच्या वेळी मुलूखमैदान किल्ल्यात होती. दुसऱ्याच्या वेळी ती नव्हती. दोन्ही वेळा किल्ला टिकला. या एका वस्तुस्थितीतून जो प्रश्न निर्माण होतो, त्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. दूर पल्ल्याच्या माऱ्याचे सामर्थ्य शस्त्राच्या आकारात असते, की ते शस्त्र चालविणाऱ्या माणसांच्या तयारीत आणि त्या तयारीला आधार देणाऱ्या सामग्रीत असते, हा तो प्रश्न होय.

प्रथम तोफेची हकीकत थोडक्यात पाहू. पहिल्या बुर्‍हाण निजामशहाच्या कारकीर्दीत, हिजरी ९५६ म्हणजे इसवी सन १५४९ मध्ये, अहमदनगर येथे मुहंमद बिन हुसेन रूमी याने ती ओतली. ओतणाऱ्याचे नाव व साल तोफेवरील लेखातच दिले आहे. तिची लांबी चौदा फुटांहून किंचित अधिक, तर मुखाचा आतील व्यास सुमारे २८ इंच आहे. तिचे वजन ५५ टन असल्याचे सांगितले जाते. लांबीच्या मानाने मुख किती रुंद आहे, हे या आकड्यांवरून ध्यानात येईल. या तोंडात सैलसर बसेल असा गोळा दख्खनच्या काळ्या पाषाणाचा घडविला, तर साध्या गणिताने त्याचे वजन साडेचारशे ते पाचशे किलोग्रॅम भरते. असा गोळा उचलून तोफेच्या तोंडात घालणे हे एका माणसाचे काम नव्हे, चार माणसांचेही नव्हे. म्हणजे तोफेच्या ठेवणीतच एका पथकाची गरज गृहीत धरलेली आहे.

या तोफेच्या काळातील निजामशाही तोफखाना कसा योजलेला होता याची कल्पना १५६५ च्या लढाईवरून येते. राक्षसतागडीची किंवा तालिकोटची म्हणून ही लढाई प्रसिद्ध आहे. फिरिश्त्याने दिलेल्या वर्णनाप्रमाणे हुसेन निजामशहाच्या आघाडीस सहाशे तोफा तीन रांगांत मांडल्या होत्या. पहिल्या रांगेत भारी तोफा, दुसरीत मध्यम, तिसरीत हलक्या, अशी रचना होती व तोफा साखळ्यांनी एकमेकींस जोडलेल्या होत्या. या तोफखान्याचा प्रमुख चलबी रूमीखान होता. शत्रू टप्प्यात येईपर्यंत दोन हजार तिरंदाज पुढे ठेवून त्याने तोफा झाकून ठेवल्या. आणि शत्रू अगदी जवळ आला तेव्हा गोळ्यांऐवजी तांब्याच्या नाण्यांच्या पिशव्या ठासून मारा केला. या वर्णनातील संख्या कोणी अतिशयोक्त मानल्या तरी त्यातून दिसणारी शिस्त महत्त्वाची आहे. पडदा केव्हा दूर करावयाचा, कोणत्या अंतरावर कोणता मारा करावयाचा, गोळा टाकून नाणी केव्हा भरावयाची, हे सर्व आधी ठरलेले असल्याशिवाय ऐन रणात साधत नाही.

मैदानातील लढाई एका दिवसात संपते. वेढा महिनोन् महिने चालतो. म्हणून वेढ्यातील गोलंदाजीस वेगळ्या प्रकारची तयारी लागते. परंडा हा भुईकोट आहे. डोंगरी किल्ल्यास जो आडोसा निसर्ग देतो, तो येथे माणसाने निर्माण करावा लागला. पाण्याने भरलेला खंदक, दुहेरी तट आणि बाहेर झेपावलेले बुरूज ही परंड्याची संरक्षणव्यवस्था होय. सपाट माळावरच्या अशा किल्ल्यास शत्रूला शक्य तितके दूर ठेवणे हाच बचावाचा मुख्य मार्ग असतो. शत्रूचे मोर्चे खंदकाच्या काठाशी आले की सुरुंग खणणे सोपे होते, आणि एकदा सुरुंग तटाखाली पोचला की जाड भिंतीचाही उपयोग राहत नाही. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात दख्खनच्या किल्ल्यांत बुरूज अधिक उंच व रुंद करून त्यांवर फिरत्या खुंटावर बसविलेल्या लांब तोफा ठेवण्याची पद्धत आली. रिचर्ड ईटन व फिलिप वॅगनर यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात या बदलाचे विवेचन केले आहे. खुंटावरची तोफ कोणत्याही दिशेस वळविता येते. त्यामुळे एकच पथक एकाच जागेवरून माळाचा मोठा भाग आपल्या माऱ्याखाली ठेवू शकते. दूरच्या माऱ्यात हा फार मोठा लाभ होता.

परंतु तोफ वळविता येणे निराळे आणि तिचा गोळा योग्य ठिकाणी पडणे निराळे. त्यासाठी काय काय लागत असे, याचा क्रमाने विचार करू.

पहिली गोष्ट दारू. सोरा, गंधक आणि कोळसा या तीन द्रव्यांचे मिश्रण म्हणजे तोफेची दारू होय. त्यातील सोरा ओल धरतो. ओलसर दारू मंद जळते आणि गोळा अलीकडेच पडतो; एका थैलीतील दारू कोरडी व दुसरीतील दमट असली, तर एकाच मोजाने भरूनही दोन गोळ्यांचा पल्ला सारखा राहत नाही. म्हणून दूर पल्ल्याच्या गोलंदाजीचा प्रारंभ तोफेपाशी होत नसून दारूखान्यात होतो. मराठी राज्यकर्त्यांस हे पुरतेपणी ज्ञात होते. अठराव्या शतकाच्या आरंभी सिद्ध झालेल्या, रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेल्या 'आज्ञापत्रा'त गडाच्या व्यवस्थेविषयी जे नियम घालून दिले आहेत, त्यांत दारूखाना राहत्या घराजवळ नसावा, दारू तळघरात माठांतून साठवावी, आठपंधरा दिवसांनी अधिकाऱ्याने स्वतः उभे राहून दारू, बाण, हुक्के यांना ऊन द्यावे आणि कोठार पुन्हा मोहोरबंद करावे, असे बजावले आहे. पावसाळ्यात तोफांस तेलमेण लावावे, त्यांचे कान मेणाने बुजवावे व वर आच्छादन घालावे, हीही सूचना तेथे आढळते. हे नियम परंड्याहून निराळ्या राज्यातील व नंतरच्या काळातील आहेत हे खरे. पण दारूचा स्वभाव राज्याप्रमाणे बदलत नाही. ज्या किल्ल्यात ही दक्षता घेतली जात नसे, त्या किल्ल्याच्या तोफा संख्येने कितीही असल्या तरी वेढ्याच्या दुसऱ्या महिन्यात मुक्या होणार, हे उघड आहे.

दुसरी गोष्ट गोळा. दगडी गोळा लोखंडी गोळ्याहून हलका असतो. एकाच आकाराचे दोन्ही घेतले तर लोखंडी गोळा सुमारे अडीचपट जड भरतो. दगडाला दारू कमी पुरते आणि दख्खनमध्ये काळा पाषाण पायाखालीच उपलब्ध असतो, हे त्याचे गुण. मात्र तो हाताने घडवावा लागतो. गोळा तोंडापेक्षा थोडा लहान हवा, नाही तर मध्येच अडकून तोफ फुटण्याचे भय. फार लहान झाला तर दारूचा जोर बाजूने निसटून जातो. तेव्हा पाथरवट हा गोलंदाजाच्या पथकाचाच एक भाग होता असे म्हणावयास हरकत नाही. त्याच्या छिन्नीची चूक बुरुजावरच्या माणसाला भोवत असे. परंड्याच्या किल्ल्यात आजही जे गोळे पाहावयास मिळतात, ते पाहताना विद्यार्थ्यांनी केवळ त्यांची संख्या न मोजता त्यांचे व्यास मोजावेत. कोणता गोळा कोणत्या तोफेसाठी घडविला होता याचा मेळ घालणे हे उपयुक्त संशोधन ठरेल.

तिसरी गोष्ट पथकाचा सराव. तोफ एकदा उडाली की आत जळते अवशेष राहतात. ते ओल्या कुंचल्याने पुसल्याशिवाय नवी दारू भरणे म्हणजे मृत्यूस आमंत्रण देणे होय. मग दारू मोजून घालावयाची, गजाने ठासावयाची, गोळा सरकवावयाचा, कानात रंजक भरावयाची, तोफ नेमावयाची आणि बत्ती द्यावयाची. प्रत्येक कामास माणूस ठरलेला, प्रत्येकाची जागा ठरलेली, आणि एकाचे काम पुरे झाल्याखेरीज दुसऱ्याने हात घालावयाचा नाही. प्रत्येक बारानंतर तोफ मागे ढकलली जाते किंवा जागेवरून हलते. तिला पुन्हा नेमावे लागते. पहिला गोळा कोठे पडला हे पाहून दुसऱ्याची दारू वा तोंडाची उंची बदलावयाची, ही निरीक्षणाची कला होती. युरोपात निकोलो तार्ताल्या याने १५३७ मध्ये तोफेच्या कोनाचा व पल्ल्याचा संबंध गणिताने मांडण्याचा प्रयत्न केला. तथापि तेथेही, इथल्याप्रमाणेच, रणांगणावरचा गोलंदाज मुख्यतः डोळ्यावर आणि अनुभवावर विसंबून असे.

या कामास किती वेळ लागे याचे एक विश्वसनीय प्रमाण बाबराच्या आत्मचरित्रात मिळते. उस्ताद अली कुली याने आग्र्यास ओतलेल्या मोठ्या तोफेची चाचणी १५२७ मध्ये झाली तेव्हा तिचा दगड सोळाशे पावलांवर जाऊन पडला. पुढे १५२८ मध्ये कनोजजवळ गंगेवर पूल बांधला जात असताना याच उस्तादाने मोठ्या तोफेचे पहिल्या दिवशी आठ बार काढले, आणि नंतरच्या दिवसांत रोज सोळा. बाबराने हे आकडे कौतुकाने नोंदविले आहेत. म्हणजे त्या काळच्या निष्णात उस्तादाच्या हाताखाली, मोठी तोफ दिवसाकाठी आठ ते सोळा वेळा उडणे ही अभिमानाची गोष्ट होती. आणखी एक बारकावा ध्यानात घ्यावा. तोफ तीच होती, उस्तादही तोच होता. तरी पहिल्या दिवसाच्या दुप्पट बार पुढील दिवसांत निघाले. हा फरक पथकाचा हात बसल्याने पडला असावा असा तर्क करता येतो.

चौथी गोष्ट वाहतूक व वैरण. अबुल फजलने अकबराच्या तोफखान्याविषयी लिहिताना, काही तोफा ओढून नेण्यास अनेक हत्ती आणि हजार बैल लागतात असे म्हटले आहे. औरंगजेबाच्या काश्मीरच्या प्रवासात बरोबर असलेल्या बर्निये या फ्रेंच प्रवाशाने भारी तोफांना वीस वीस जोड्या बैल जुंपलेले पाहिले, आणि चाके रुतली की हत्ती डोक्याने व सोंडेने गाडे रेटीत असत असे नोंदविले आहे. किल्ल्यातील तोफ जागेवर असते. वेढा घालणाऱ्याची तोफ मात्र बैलाच्या पाठीवर जगते. बैल कडब्यावर जगतो. या साध्या साखळीतच परंड्याच्या दोन्ही वेढ्यांचे रहस्य दडलेले आहे.

आता त्या वेढ्यांकडे वळू. अहमदनगर १६०० मध्ये मोगलांच्या हाती पडल्यावर मलिक अंबरने दुसऱ्या मुर्तजा निजामशहास गादीवर बसविले तेव्हा काही काळ परंडा हीच निजामशाहीची राजधानी होती. यावरून या किल्ल्याचे महत्त्व कळते. शहाजहानच्या दक्षिणेतील मोहिमेत मोगलांनी १६३१ च्या आरंभी धारूर घेतले आणि त्यानंतर सेनापती आझमखानाने परंड्यास वेढा दिला. १६३० ते १६३२ हा दख्खनमधील भीषण दुष्काळाचा काळ. किल्ल्याच्या आसपास कित्येक कोस गवताची काडी मिळेना. घोडे व बैल मरू लागले तेव्हा आझमखानास वेढा उठवून धारूरकडे परतावे लागले. या वेळी मुलूखमैदान किल्ल्यात होती. ती पाहून मोगल हटले असे कोणास वाटल्यास नवल नाही. परंतु मोगल दरबारी इतिहासकारानेच माघारीचे कारण वैरणीचा अभाव हे दिले आहे.

पुढे लवकरच परंडा निजामशाहीतून आदिलशाहीकडे गेला. तो तोफेने जिंकला गेला नाही. किल्लेदाराला वश करून घेण्यात आला. १६३२ मध्ये मुरार जगदेव याने मुलूखमैदान परंड्याहून विजापुरास नेली. त्यासाठी दहा हत्ती, चारशे बैल आणि शेकडो माणसे लागली अशी परंपरा आहे. तिच्या जोडीची 'कडकबिजली' ही तोफ वाटेत नदीत बुडाली अशीही आख्यायिका आहे. परंडा ते विजापूर हे अंतर सरळ रेषेत सुमारे १६० किलोमीटर असून मध्ये भीमेचे पात्र ओलांडावे लागते. आख्यायिकेचा भाग बाजूस ठेवला तरी एवढे निश्चित की, मोगलांच्या तोंडावर असलेल्या सरहद्दीच्या किल्ल्यातून सर्वांत मोठी तोफ काढून ती राजधानीत नेण्यात आली. ज्यांनी हा निर्णय घेतला त्यांच्या मते परंड्याचा बचाव या एका तोफेवर अवलंबून नव्हता, असाच याचा अर्थ होतो.

दोनच वर्षांत या मताची कसोटी लागली. महाबतखानाने १६३३ च्या जूनमध्ये दौलताबाद घेतले होते. त्या वेढ्यात सुरुंगांनी तट फोडले गेले, आणि आतील धान्य संपल्यामुळे फत्तेखानास किल्ला स्वाधीन करावा लागला. हा विजय ताजा असतानाच, १६३४ मध्ये, शहाजादा शुजा व महाबतखान परंड्यावर आले. मोर्चे बांधले गेले, सुरुंग खणले गेले. आतील लोकांनी काही सुरुंग शोधून निकामी केले. अल्लावर्दीखानाने खणलेला एक सुरुंग शहाजाद्यासमक्ष उडविण्यात आला. त्याने बुरूज उडाला, परंतु आत शिरण्याजोगी वाट पडली नाही. इकडे जवळपासचे गवत व सरपण संपले. वैरणीसाठी तुकड्या दूर दूर पाठवाव्या लागत, आणि आदिलशाही फौजा त्यांच्यावर तुटून पडत. सरदारांत कलह माजले, पावसाळा जवळ आला आणि वेढा उठवून मोगल फौज बुर्‍हाणपुराकडे वळली. महाबतखान त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये मरण पावला. १६३६ च्या तहात परंडा आदिलशहाकडेच राहिला.

यावर असा आक्षेप घेता येईल की, १६३४ चे अपयश हे मुख्यतः मोगल सरदारांच्या आपसांतील वितुष्टाचे फळ होते. हे वितुष्ट नाकारण्याचे कारण नाही. पण तेच महाबतखान व खानदौरान आदल्या वर्षी दौलताबादच्या वेढ्यातही एकत्र होते. तेथे किल्ला पडला. भूक कोणाच्या बाजूस आधी पोचली, हा दोन्ही प्रसंगांतील निर्णायक फरक दिसतो. दौलताबादेत ती तटाच्या आत पोचली. परंड्यास ती तटाबाहेर पोचली. जो पक्ष एक दिवस अधिक टिकतो तो जिंकतो, आणि टिकण्याची तयारी पहिला गोळा सुटण्यापूर्वीच झालेली असते. किल्ल्यातील पथकाला वेढा घालणारा दूर ठेवावयाचा असतो, एवढेच नव्हे तर त्याला दीर्घकाळ माळावर ताटकळत ठेवावयाचे असते. त्याकरिता रोज शंभर बार काढण्याची आवश्यकता नाही. गरज पडेल त्या दिवशी कोरडी दारू, बसणारा गोळा आणि न गांगरणारे हात सिद्ध असले पाहिजेत. सुरुंग शोधून काढणारे बेलदार आणि बाहेरच्या वैरणीवर छापे घालणारे स्वार हेही याच पथकाचा विस्तार होत.

या निष्कर्षास परंड्याच्या इतिहासातील शेवटचा प्रसंग पूरक आहे. १६५७ च्या तहाने आदिलशहाने हा किल्ला मोगलांस देण्याचे कबूल केले, तरी तो प्रत्यक्षात त्यांच्या हाती आला नाही. पुढे १६६० च्या नोव्हेंबरात किल्लेदार गालिब याने तो शाइस्तेखानाच्या पक्षास स्वाधीन केला. म्हणजे दोन राजसत्तांच्या हाती हा किल्ला गेला तो दोन्ही वेळा फितुरीने वा तडजोडीने. तट तोच होता, खंदक तोच होता, तोफाही होत्या. जे तुटले ते आतील माणसांचे धन्याशी असलेले नाते होते. दारू कोरडी ठेवण्याची दक्षता ज्या निष्ठेतून येते ती आटली की तोफेला कान आणि तोंड असून उपयोग नसतो.

तोफांच्या इतिहासलेखनात आपल्याकडे एक सवय पडून गेली आहे. तोफेचे नाव, ओतणाऱ्याचे नाव, ओतविणाऱ्या सुलतानाचे नाव आणि ती जिंकणाऱ्या बादशहाचे नाव आपण टिपतो. मुलूखमैदानवरही औरंगजेबाने विजापूर जिंकल्याचा लेख मागाहून कोरला आहे. जे गोळा घडवीत, दारूला ऊन देत, गजाने ठासत आणि बैल जुंपत, त्यांचे नाव धातूवर कोरण्याचा प्रघात नव्हता. त्यांचा इतिहास लेखांतून नव्हे, तर दारूखान्याच्या बांधणीतून, गोळ्यांच्या व्यासांतून, बुरुजावरील खुंटाच्या खळग्यांतून आणि जमाखर्चाच्या कागदांतून वाचावा लागेल. परंड्याचा किल्ला अशा वाचनास अत्यंत सोयीचा आहे. तेथील बुरूज व तोफा आजही जागेवर पाहता येतात. ऊन-पावसाने त्यांची झीज होण्यापूर्वी हे मोजमाप झाले पाहिजे.

शेवटी मुलूखमैदानचीच एक हकीकत नमूद करून हा लेख पुरा करतो. १८५४ मध्ये साताऱ्याच्या कमिशनरच्या हुकुमावरून विजापुरातील निरुपयोगी सरकारी वस्तूंचा लिलाव झाला. त्यात या तोफेस आलेली सर्वांत मोठी बोली १५० रुपयांची होती. ही रक्कम क्षुल्लक वाटल्यामुळे आणि लोकांची तोफेवरील श्रद्धा जाणून मामलेदाराने वर कळविले व विक्री रद्द झाली. बोली करणाऱ्यांनी धातूचे मोल केले होते, आणि त्या दिवशी तेथे दुसरे काही विकण्यासारखे उरलेही नव्हते. तोफेचे पथक, त्यांचा सराव, त्यांचा दारूखाना व त्यांचे बैल केव्हाच नाहीसे झाले होते.